बासष्टावं नाव

सोमवार, २ जानेवारी १९८४

औषध कंपनीच्या माणसाने डायरी दिली. दरवर्षी मी ती वहिनींना देतो, त्या तिच्यात लोणच्याची प्रमाणं लिहितात. यंदा म्हटलं, आपणच लिहून पाहावं. दिवसभर दुसऱ्यांच्या खोकल्याच्या नोंदी करतो, स्वतःबद्दल चार ओळी लिहिल्या तर काही बिघडत नाही.

तर स्वतःबद्दल. श्यामकांत दामले, वय सत्तेचाळीस, अविवाहित. मुक्काम मुलुंड, थोरला भाऊ गेल्यापासून वहिनींच्या घरी. नोकरी घाटकोपरच्या क्षयरोग केंद्रात, नोंदणी कारकून. केंद्रात वर्षभर एक अभ्यास चालू आहे. जुना उपचार बारा महिन्यांचा, त्यात पहिले दोन महिने रोज सकाळी सुई. नवा उपचार सहा महिन्यांचा, सुई नाही, नुसत्या गोळ्या आणि लाल कॅप्सूल. दोहोंतला कुठला बरा हे शोधायचं आहे. कुणाला कुठला द्यायचा हे डॉक्टर ठरवत नाहीत, रोगीही ठरवत नाही, लिफाफा ठरवतो. माझ्या कपाटात दोनशे बंद लिफाफे आहेत, अनुक्रमाने लावलेले. नवा रोगी आला की त्याचं नाव रजिस्टरात पुढच्या आकड्यावर लिहायचं, त्या आकड्याचा लिफाफा डॉक्टर केंकरेबाईंसमोर फोडायचा. आत चिठ्ठी असते, ‘जुना’ किंवा ‘नवा’. देवळात कौल लावतात तसंच हे, फक्त इथे गाऱ्हाणं घालायची सोय नाही.

कपाटाची किल्ली माझ्या जानव्याला असते. केंकरेबाई त्यावरून हसतात. हसोत बापड्या. आजवर अठ्ठावन्न लिफाफे फुटले, एकही मागेपुढे झालेला नाही.

बुधवार, ४ जानेवारी

डब्याबद्दल लिहायला हवं, कारण दिवसातली तेवढीच एक गोष्ट चांगली असते.

डबा रुक्मिणीचा. रुक्मिणी परब, देवगडकडची. नवरा धाकू लालबागच्या गिरणीत साचेवाला होता. संपात सगळ्यांची जी वाट लागली ती त्यांचीही लागली, आणि दोघं असल्फ्याच्या टेकडीवर येऊन राहिली. मुलं गावी आजीकडे. धाकू साकीनाक्याला एका कारखान्यावर वॉचमन आहे, रुक्मिणी खानावळ चालवते. कारखान्यातले आठ जण आणि नववा मी. जाता जाता धाकू माझा डबा केंद्रावर ठेवतो.

सुरुवातीला मी बजावून सांगितलं होतं की मी मासे खात नाही. कुळथाची पिठी, वालीची भाजी, सोलकढी येऊ लागली. गेल्या श्रावणानंतर एकदा डबे बदलले आणि माझ्याकडे बांगड्याचं तिखलं आलं. परत पाठवायला हवं होतं. मी पाठवलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकू विचारायला लागला की बायको म्हणते डबा पुसल्यासारखा कसा आला, तर मी म्हटलं, मांजराने खाल्लं असेल. तेव्हापासून दर बुधवारी त्या मांजरासाठी बांगडा येतो. वहिनींना यातलं काही ठाऊक नाही. ताकाला जाऊन भांडं लपवण्याचा हा प्रकार या वयात शोभत नाही, पण बांगडा फार चांगला असतो.

बुधवार, ११ जानेवारी

आज डबा घेऊन रुक्मिणी स्वतः आली. धाकूची पाळी बदलली आहे. जिना चढून आली आणि खोकायला लागली, तो खोकला मी ओळखतो. वीस वर्षं ऐकतो आहे. विचारलं, किती दिवस? म्हणाली, दिवाळीपासून. संध्याकाळी अंग तापतं का? तर म्हणाली, चुलीपुढे बसणाऱ्याचं अंग तापणारच.

मी तिला थुंकीची डबी दिली. ती घेईना. मग रागावलो तेव्हा पदराखाली लपवून घेऊन गेली.

आज बुधवार होता. मांजराला भूक नव्हती.

शनिवार, १४ जानेवारी

संक्रांत. केंकरेबाईंनी सगळ्यांना तिळगूळ दिला आणि मला प्रयोगशाळेचा कागद. रुक्मिणी परब, जंतू आहेत, तीन अधिक, म्हणजे भरपूर. एक्सरेत उजवीकडे वरती पोकळी.

तिला सांगायचं काम माझ्यावर आलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. रडली नाही. आधी विचारलं की जेवणातून हे दुसऱ्याला लागतं का. मी सांगितलं, नाही, अन्नातून लागत नाही, खोकल्यातून लागतं. तोंडाला पदर बांधून रांध. मग औषधाचं विचारलं. मी दोन्ही उपचार समजावले. सुईचं ऐकल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला.

“सायबांनू, रोज सकाळी सुई घेवक हंय इलंय तर चूल कोण पेटवतलो? आणि लोकांका कळला तर माझ्या हातचा कोण खायत?”

खरं आहे. सकाळची आठ ते दहा हीच तिची रांधायची वेळ. दोन महिने रोज केंद्राच्या रांगेत उभी राहिली तर आठही गिऱ्हाइकं सुटतील. मग ती दोघं गावी जातील आणि तिथे तर औषधही नाही. मी म्हटलं, बघू. सोमवारी ये.

रविवार, १५ जानेवारी

वहिनींनी विचारलं, भावोजी, गेले दोन दिवस तुमचं लक्ष कुठे आहे. मी म्हटलं, कामाचा ताण. त्या म्हणाल्या की कामाचा ताण असला की तुम्ही चिडता, गप्प होत नाही. वहिनींना सगळ्यात काहीतरी दिसतं.

सोमवार, १६ जानेवारी

मी आज काही चोरी केलेली नाही. लिफाफा बदलला नाही, चिठ्ठी बदलली नाही, कुणाचं नाव खोडलं नाही. हे आधी लिहून ठेवतो.

रुक्मिणी साडेआठलाच येऊन पहिल्या बाकावर बसली होती. तिच्या पाठोपाठ विक्रोळीचा एक फिटर आला, भीमराज नावाचा, तोही आजच नोंदवायचा होता. पुढचा लिफाफा एकसष्टावा. केंकरेबाई अजून आल्या नव्हत्या. मी कपाट उघडलं आणि एकसष्ट नंबरचा लिफाफा खिडकीच्या उजेडात धरला. सरकारी लिफाफे, त्यांचा कागद तो काय! आतली अक्षरं मीच टाइप केलेली. ‘जुना’. मग बासष्टावा धरला. ‘नवा’.

बाहेर येऊन मी हाक मारली, “भीमराज.” तो खूश झाला. “झकास, साहेब, आज लवकर नंबर लागला,” म्हणाला. एकसष्टवर त्याचं नाव लिहिलं, बासष्टवर रुक्मिणीचं. दोन नावांपैकी कुठलं आधी लिहायचं एवढाच फरक. रोज पन्नास माणसं येतात, कुणाला आधी बोलवायचं ते मीच ठरवतो. अभ्यासाचं काय बिघडलं? एक जुना, एक नवा, बेरीज तीच.

भीमराज तिशीचा, धट्टाकट्टा आहे. त्याला सुया सोसतील.

केंकरेबाईंनी दोन्ही लिफाफे फोडले, सह्या केल्या. रुक्मिणी जाताना खिडकीशी थांबली. मी काहीच सांगायला नको होतं, पण तोंडून निघून गेलं, “तुझं चांगलं झालं बघ. सहा महिन्यांत मोकळी होशील.” तिने बाकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि गेली. हुशार आहे.

मंगळवार, १७ जानेवारी

चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालंय. केंकरेबाईंनी “दामले” अशी हाक मारली तरी छातीत धस्स होतं. त्यांना फक्त टाचण्या हव्या होत्या.

सोमवार, २३ जानेवारी

रोग्याने दर सोमवारी आठवड्याच्या गोळ्या न्यायला यायचं. परिचारिकेची जागा सहा महिने रिकामी आहे, तेव्हा गोळ्या मी देतो आणि पत्रकही मीच भरतो. वजन, गोळ्या नियमित घेतल्या का, आणि शेवटचा रकाना, तक्रार.

रुक्मिणी आली ती घाबरलेली. खालच्या आवाजात म्हणाली, लघवी लाल होते, रक्त जातंय. मला हसू आलं. समजावलं की ते रक्त नाही, लाल कॅप्सूलचा रंग आहे. औषध पोटात गेल्याची ती खूण. उलट ज्याची लघवी लाल नाही त्याला आम्ही पकडतो, गोळ्या गटारात टाकल्या म्हणून. लाल आहे तोवर समज की सगळं ठीक चाललंय.

तिला केवढं बरं वाटलं. मलाही वाटलं. तक्रार: काही नाही.

सोमवार, ६ फेब्रुवारी

केंकरेबाईंनी आज सगळ्यांना बसवून पुन्हा एकदा बजावलं. नव्या औषधाने क्वचित यकृत बिघडतं. मळमळ, उलटी, अन्नाची शिसारी आली की लगेच औषध थांबवायचं, रक्त तपासायचं, डोळ्यांचा रंग बघायचा. “आणि दामले, लघवीवर विसंबू नका. ती तशीही लाल असते, कावीळ झाली तरी तिच्यात कळणार नाही,” असंही म्हणाल्या. बाईंना एकच गोष्ट चारदा सांगायची सवय आहे. आम्ही काय आज आलोय?

चेंबूरच्या एका म्हातारीला दोन उलट्या झाल्या तर तिची लाल कॅप्सूल बंद करून तिला सुयांवर टाकलंय. नुसत्या दोन उलट्या! कदाचित शिळं खाल्लं असेल.

रुक्मिणीला मी खिडकीतूनच सांगून ठेवलं. बारीकसारीक काही झालं, डोकं दुखलं, पोट बिघडलं, तर लगेच बोंबलत डॉक्टरीणबाईंकडे जाऊ नकोस. औषध काढून घेतील, कागद उकरतील, मग रोजच्या सुया नशिबी येतील. काही वाटलं तर आधी मला सांग. ती “होय” म्हणाली.

गुरुवार, १६ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा. महिन्याची तपासणी झाली. रुक्मिणीच्या थुंकीत एकही जंतू नाही. एका महिन्यात! वजन दीड किलो वाढलं. खोकला जवळजवळ गेला. केंकरेबाई तिला म्हणाल्या, शाब्बास, अशीच राहा, पुढच्या महिन्यात भेटू.

भीमराजच्या थुंकीत अजून जंतू आहेत, कमी झालेत पण आहेत. कानात आवाज येतो म्हणाला, सुईने होतं तसं. त्याच्याकडे मी फार वेळ पाहिलं नाही.

डब्यात आज गोड होतं, तांदळाची खीर. एवढ्या लोकांना मी गोळ्या वाटल्या, पण कुणाला मी बरं केलं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. आज वाटलं. लिहायला लाज वाटते, पण वाटलं.

सोमवार, २० फेब्रुवारी

डबा अळणी. परवाही होता. धाकूकडे निरोप दिला की मीठ महाग झालं का. रुक्मिणी गोळ्या न्यायला आली तेव्हा म्हणाली, हल्ली चवच कळत नाही, अंदाजाने घालते. मी म्हटलं, तोंडाला चव नसली तरी हाताला असायला हवी. हसली. तक्रार: काही नाही.

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

बांगडा येऊन नऊ दिवस झाले. आज धाकूला विचारलंच. तो म्हणाला की तिला माशांचा वास सहन होत नाही, तळायला घेतलं की बाहेर जाऊन बसते. देवगडची बाई आणि माशाचा वास सहन होत नाही! माझ्या मिठाच्या टोमण्याचा राग आला असणार. बायकांचं असंच असतं, तोंडाने सांगत नाहीत, डब्यातून सांगतात.

सोमवार, २७ फेब्रुवारी

वजन एक किलो कमी. विचारलं तर म्हणाली, उपास चाललेत, महाशिवरात्र आली ना. लघवी? लालच. गोळ्या एकही चुकवलेली नाही. मिठाबद्दल मी काहीतरी चांगलं बोलणार होतो, पण मागे रांग होती. तक्रार: काही नाही.

गुरुवार, १ मार्च

महाशिवरात्रीचं म्हणून वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी आली. करपलेली. वहिनी म्हणाल्या, ती बाई आजारी असेल, खानावळ दुसरी बघा. मी म्हटलं, ती आता बरी आहे. जरा जोरात म्हटलं असावं, त्या आत निघून गेल्या.

सोमवार, ५ मार्च

रुक्मिणी आली नाही, धाकू आला. नियमाने गोळ्या रोग्याच्याच हाती द्यायच्या असतात. तो म्हणाला, तिचं अंग जरा दुखतंय, जिना चढवत नाही. मला वाईट वाटलं ते नियमाचं नाही. मिठावरून इतका अबोला धरायचा का, असं वाटलं.

गोळ्या दिल्या. तो खिडकीशी तसाच उभा राहिला, टोपी हातात घेऊन. मी विचारलं, आणखी काही? “नाय सायबांनू, काय नाय.” मागे पंधरा माणसं होती, मी पुढचं नाव पुकारलं. पत्रक भरलं. तक्रार: काही नाही.

बुधवार, ७ मार्च

धाकूने दुपारी टॅक्सीतून आणलं तिला. दोघांनी उचलून वर घेतलं. डोळे हळदीसारखे. हात, पाय, नखं, सगळं पिवळं. धाकूला ओळखत नव्हती, चुलीवर काहीतरी उतू जातंय असं सांगत होती. केंकरेबाईंनी एकदाच पाहिलं आणि मोठ्या रुग्णालयात पाठवायची चिठ्ठी लिहिली. लिहिताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, “हे कधीपासून?”

मी म्हणालो, “पत्रकात काही नाही, बाई.”

मी हेच म्हणालो.

शुक्रवार, ९ मार्च

रुग्णालयात गेलो होतो. बाईंचं आत नाव चालतं म्हणून मला वॉर्डात सोडलं. ती झोपलेली होती, पण हाक मारली तरी उठत नव्हती. तिथला डॉक्टर म्हणाला, यकृत संपलंय. फुप्फुसाचं विचारलं तर म्हणाला की ते छान भरून आलंय. असं दोन्ही एका दमात सांगितलं त्याने.

धाकू बाहेर बाकावर होता. मला पाहून उठून उभा राहिला. मी त्याला बस म्हटलं, पण त्याच्याशेजारी बसायचं धाडस झालं नाही.

शनिवार, १० मार्च

सकाळी सात वाजता गेली.

सोमवार, १२ मार्च

केंकरेबाई तिची फाईल घेऊन बसल्या होत्या. मला बोलावलं. सातही पत्रकं टेबलावर ओळीने मांडली होती, माझ्या मोत्यासारख्या अक्षरातली. सात सोमवार, सात वेळा ‘काही नाही’.

“दामले, माणूस एका दिवसात इतका पिवळा होत नाही. निदान दोन-तीन आठवडे ती जेवत नसणार. तिने काहीच सांगितलं नाही?”

मी म्हणालो, नाही. आणि तसं पाहिलं तर खरंच सांगितलं नव्हतं. पण चव कळत नाही हे मला माहीत होतं. माशाचा वास, उतरलेलं वजन, करपलेली आमटी, सगळं मला माहीत होतं. या डायरीची मागची पानं आज चाळली. सगळं लिहून ठेवलंय मी, तारखेवार. पत्रकात लिहिलं नाही तेवढं सगळं इथे आहे. हे लिहिणारा माणूस कारकून म्हणून फारच नीटनेटका आणि माणूस म्हणून आंधळा आहे.

गुरुवार, १५ मार्च

आज सांगितलं. दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. खिडकीतला उजेड, दोन नावं, खिडकीतून तिला दिलेली समज. डायरीही पुढे ठेवली.

बाईंनी डायरी चाळली. मग त्यांनी रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, जे केलंत ते समोरच्या शेऱ्याच्या जागेत तुमच्या अक्षरात लिहा, तारीख घाला, सही करा. मी लिहिलं. एकसष्ट आणि बासष्ट दोन्ही अभ्यासातून बाद करावे लागतील, म्हणाल्या. कौल माणसाने लावला की तो कौल राहत नाही.

मी विचारलं, म्हणजे तिचं मरणही बाद?

“मरण नोंदवणार. कुठे नोंदवायचं ते मला आत्ता कळत नाही.” मग चष्मा काढून म्हणाल्या, “नावं पुढेमागे केलीत, ते मी एक वेळ समजू शकेन. ते औषध लिफाफ्यातूनही तिच्या वाट्याला आलं असतं. हजारांत एखाद्याला असं होतं, आणि वेळीच थांबवलं तर बहुतेक वाचतात. त्यासाठी तर तो रकाना होता, दामले. त्यात तुम्ही सात वेळा ‘काही नाही’ लिहिलंत, ते मला समजत नाही.”

मला वाटलं होतं की सांगितल्यावर हलकं वाटेल. तसं काही होत नाही. एक तारखेपासून येऊ नका, चौकशीचं पत्र घरी येईल, असं सांगितलं. जिन्यात भीमराज भेटला. सुया संपल्या, खोकला गेला, उद्यापासून कामावर जाणार होता. माझा हात हातात घेऊन साहेब, साहेब करत होता. तोही आजपासून बाद आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.

शनिवार, १७ मार्च

वहिनींना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, तुम्हाला ती आवडत होती का. मी म्हटलं, भलतंच काय, विवाहित बाई. त्या म्हणाल्या, मी ते विचारलं नव्हतं. होळी होती, पुरण तसंच राहिलं.

रविवार, २५ मार्च

आज असल्फ्याला गेलो. तिचं दिवसकार्य आटोपल्यावर जायचं ठरवलं होतं. बाईंना सांगितलं ते नोकरीचं झालं, खरं सांगायचं होतं ते धाकूला. टेकडीवर एवढं चढून मी कधी गेलो नव्हतो. एका खोलीचं घर, बाहेर पडवीसारखी जागा, तिथे चूल. मोठी भांडी घासून पालथी घातलेली.

धाकूने चटई टाकली, पाणी दिलं. मी घोट घेतला नाही, आधी बोलायला लागलो. धाकू, ते औषध तिला आलेलं नव्हतं, मी आणलं. नावं मी मागेपुढे केली. तक्रार सांगू नकोस असंही मीच सांगितलं होतं. जे झालं ते माझ्यामुळे झालं. हे सगळं मी वाटेत पाठ केलं होतं, तसंच म्हणून दाखवलं.

तो शिव्या घालेल, अंगावर येईल, अशी माझी तयारी होती. त्याने मान हलवली.

“ता माका म्हायत आसा. पयल्याच दिवशी येवन सांगितल्यान तिना. म्हणाली, मी पयली बसलंय होतंय, पण सायबान माझा नाव मागे घातल्यान, म्हणान माका ह्या औषद गावला. सायबाचे उपकार झाले.”

तो सांगतच होता. पंधरा-वीस दिवस ती उलट्या करत होती, घरामागच्या ओहोळाशी जाऊन, शेजारणीला कळू नये म्हणून. भाताचा वास आला तरी तिला मळमळायचं. तरी आठ जणांचं रांधत होती. डोळे पिवळे दिसले तेव्हा धाकू म्हणाला की उद्या डाक्तरीणबाईकडे जाऊ.

“तर माका शपथ घातल्यान. म्हणाली, तक्रार केली तर कागद बघतीत, ह्या औषद हिका कसा गावला म्हणान इचारतीत. सायबाची नोकरी जातली. दोन म्हयने तर झाले, आणखी चार काढतलंय. तेंका काय सांगा नुको.”

म्हणजे ती गप्प बसली ती सुयांना भिऊन नाही. माझ्या नोकरीसाठी गप्प बसली. मी तिला वाचवतोय असं मला वाटत होतं, आणि इतके दिवस तीच मला वाचवत होती. मी इथे बसून मिठाच्या नोंदी करत होतो.

मग धाकूने विचारलं. आवाज अगदी साधा होता, गाडीची वेळ विचारावी तसा. “सायबांनू, त्या सोमवारी मी गोळयो नेवक इलंय, तुमच्या खिडकीर उभो होतंय. तवा मी सांगितलंय असतंय, तर ती वाचली असती?”

मी खोटं बोलायचं नाही असं ठरवून गेलो होतो. त्या खिडकीत जे केलं त्याची भरपाई म्हणून आता तरी खरं बोलायचं. म्हणालो, “कदाचित वाचली असती. त्याच्या आठवडाभर आधी कळलं असतं तर नक्की वाचली असती.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, “म्हणजे मियाच मारलंय तिका.”

मी म्हटलं, नाही धाकू, मी. मी विचारलं नाही, मी पुढचं नाव पुकारलं. तीन-तीनदा सांगितलं. त्याचा हात धरला. पण त्याला ते ऐकूच येत नव्हतं. “माझ्या जिभेर होता,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत राहिला आणि आपल्या मांडीवर मूठ मारत राहिला. शेजारची बाई धावत आली, तिने त्याला पाणी पाजलं आणि मला म्हणाली, आता तुम्ही जा, पंधरा दिवसांत तो असा कधी रडला नव्हता.

मी उतरून आलो.